पावसाळ्यावर घेतलेला आळ

लष्करी रायफलच्या काडतुसाचा एखादा चांगला फोटो मोबाईलवर उघडा आणि झूम करा. पितळी पुंगळी खालच्या बाजूला पिवळीधमक दिसेल. पण गोळी जिथे बसवलेली असते, त्या मानेपाशी रंग बदललेला असेल. निळसर, जांभळट, जरा करपल्यासारखा. नेमबाजीसाठी विकल्या जाणाऱ्या काडतुसांवर हा डाग सहसा दिसत नाही, कारण तिथे तो पॉलिश करून घालवतात. लष्करी काडतुसांवर तो तसाच राहू देतात. ही मान भाजलेली आहे, एवढं त्या डागावरून कळतं.

पितळेची मान कशाला भाजायची, हे समजायला साधारण अर्धं शतक गेलं. या अर्ध्या शतकात हिंदुस्थानातल्या पावसाळ्यावर एक आळ आला, आणि तो शब्दाच्या रूपानं अजूनही पुस्तकांत टिकून आहे. इंजिनिअरिंगला असताना मी तो शब्द पाठ केला होता. 'सीझन क्रॅकिंग : टीप लिहा.' दोन मार्क. सीझन म्हणजे कुठला सीझन, हे तेव्हा वर्गात कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

तो सीझन आपलाच. जून ते सप्टेंबर.

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. ती कागदी काडतुसं होती, दातांनी फाडायची. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच इंग्रजी फौजेत कागद मागे पडू लागला आणि पितळ आलं. १८६६च्या सुमारास वुलिचच्या सरकारी कारखान्यातले एडवर्ड बॉक्सर यांनी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं काडतूस पुढे आणलं. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना त्याच सुमारचा, १८६९चा. गुंडाळलेल्या पत्र्याची पुंगळी बंदुकीत फाटायची, अडकायची. म्हणून १८८०च्या दशकात अखंड पितळेतून ओढून काढलेली पुंगळी रूढ झाली.

ही 'ओढून काढण्याची' रीत नीट पाहू, कारण सगळी गोम तिच्यात आहे. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळेची एक चकती घ्यायची. ती ठशानं दाबली की वाटी होते. वाटी डायमधून ओढली की पेला होतो. पेला पुन्हा पुन्हा ओढला की नळी होते. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कडक होत जातं, म्हणून मधेमधे ते तापवून नरम करावं लागतं. शेवटच्या ओढीनंतर मात्र नरम करत नाहीत. पुंगळीचा बुडखा कडकच हवा असतो, नाहीतर स्फोटाच्या दाबानं तो फुगेल आणि पुंगळी बंदुकीतच रुतून बसेल.

आता धातुशास्त्राच्या पुस्तकांत नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. पावसाळ्यात इंग्रजांच्या फौजेच्या हालचाली थंडावायच्या. दारूगोळा कोरड्या जागी हलवून ठेवायचा, आणि कोरडी, छपराखालची, पहाऱ्यातली जागा म्हणजे बरेचदा घोड्यांच्या पागा. पाऊस संपल्यावर पेट्या उघडल्या की काही पुंगळ्यांना मानेपाशी उभे तडे गेलेले असायचे. त्यांना कुणी हात लावलेला नसे, त्या कुठे आपटलेल्या नसत. ठेवल्या जागी फुटलेल्या. अशी पुंगळी बंदुकीत घालून चाप ओढला तर गरम वायू मागे, सैनिकाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. किंवा पुंगळीचे दोन तुकडे होऊन अर्धी आतच राहते, आणि समोर शत्रू असताना हातात निकामी बंदूक.

याला नाव पडलं सीझन क्रॅकिंग. काही जण या नावाचं दुसरंही मूळ सांगतात : लाकूड मुरताना त्याला जसे तडे जातात तसे हे तडे, म्हणून 'सीझन'. कुठलंही मूळ धरलं तरी सूर एकच. हवा आणि काळ दोषी. पुंगळी बनवणारा सुटला.

हवेवर खापर फोडण्याची त्या काळाला सवयच होती. 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. १८९७मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाचं पोट फाडून त्यात मलेरियाचा जंतू शोधला, तेव्हा हवेची त्यातून सुटका झाली. पितळेच्या बाबतीतही कुणीतरी पोट फाडायला हवं होतं.

तत्पूर्वी एक प्रश्न. जे पितळ नुसतं पडून आहे, ज्याच्यावर कसलंही वजन नाही, ते फुटेल कशाला?

घरी जुनी सुंभाची बाज असेल तर तिच्याकडे बघा. तिच्यावर कुणी बसलेलं नाही, तरी सुंभ ताणलेला आहे आणि लाकडी चौकट दाबली गेलेली आहे. सुंभाचा ताण आणि चौकटीवरचा दाब एकमेकांना तंतोतंत फेडतात, म्हणून बाहेरून बाज शांत वाटते. सुंभाचा एक पदर कापा, चौकट लगेच सैल पडेल. ओढून काढलेल्या पितळी नळीत हेच होतं. डायमधून जाताना बाहेरचा थर आणि आतला थर सारखे ताणले जात नाहीत. बाहेर पडल्यावर प्रत्येक थर आपापल्या मापाला परतू बघतो, पण दोघे एकमेकांना चिकटलेले. मग बाहेरचा ताणात राहतो, आतला दाबात. बेरीज शून्य. पुस्तकी मराठीत याला अवशिष्ट ताण म्हणतात. मी 'उरलेला ताण' म्हणतो, तो लवकर कळतो. पुंगळीच्या मानेत तर गोळी घट्ट ठोकून बसवलेली असते, म्हणजे मान सतत फाकायच्या बेतात असते.

ही बाज कापून बघायचं काम जर्मनीत एमिल हाइन यांनी केलं. ते बर्लिनजवळच्या सरकारी धातुपरीक्षण संस्थेत होते. त्यांची पद्धत इतकी साधी आहे की आश्चर्य वाटतं. थंड अवस्थेत ओढलेली एक सळई लेथवर लावायची, वरचा पातळ थर कातून काढायचा आणि उरलेल्या सळईची लांबी मोजायची. ती वाढलेली असते! बाहेरचा थर आतल्याला दाबून धरत होता, तो गेला, आतल्यानं अंग सैल केलं. असा एकेक थर काढत गेलं की कुठल्या थरात किती ताण होता याचा हिशेब लागतो. तोफांच्या नळ्यांमधला असाच ताण रशियात कालाकुत्स्की यांनी १८८८च्या आधीच मोजला होता. थंड घडवलेल्या पितळेचं दुखणं मात्र हाइन यांनी ठामपणे मांडलं. मे १९१४मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सनं त्यांना मानाचं वार्षिक व्याख्यान द्यायला बोलावलं. विषय : थंड घडवलेल्या धातूंमधले आतले ताण आणि त्यांनी होणारे त्रास. एक जर्मन माणूस लंडनमध्ये उभा राहून इंग्रजांना त्यांची पितळ का फुटते ते समजावत होता. तीन महिन्यांत दोन्ही देशांचं युद्ध सुरू झालं आणि पितळी पुंगळ्या अशा संख्येनं बनू लागल्या की जगानं तोवर कधी पाहिल्या नव्हत्या.

युद्धामुळे हा विद्यापीठातला विषय राहिला नाही. कुठल्याही कोठारात तडकलेली पुंगळी म्हणजे कुठल्या तरी खंदकात मेलेला माणूस. १९२१मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांचा सविस्तर निबंध इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सच्या नियतकालिकात आला आणि पागेचं कोडं सुटलं. घोड्याच्या मुतातला युरिया कुजला की अमोनिया सुटतो. दमट हवेत तो पितळेवर बसतो. पितळ म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली लहान लहान कणांची फरसबंदी. पृष्ठभाग घासून, ॲसिडनं कोरून सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे कण बघायची रीत शेफिल्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८६०च्या दशकातच दाखवून ठेवली होती. अमोनिया या फरसबंदीच्या सांध्यांतून आत शिरतो. तेवढ्यानं पितळ फुटत नाही. पण पितळ आधीच ताणात असेल तर सांधा उकलतो, उकललेल्या टोकाशी ताण एकवटतो, अमोनिया आणखी आत जातो. पाऊस थांबेपर्यंत पुंगळी आरपार.

म्हणजे गुन्ह्यात तिघे होते : दमट हवा, अमोनिया आणि उरलेला ताण. पहिले दोन हिंदुस्थानात भेटले. तिसरा पेटीत बसूनच आला होता, कारखान्यातून. नाव मात्र पहिल्याचं लागलं. मला हे नुसतं शब्दांचं भांडण वाटत नाही. दोष मोसमाचा म्हटलं की इलाज म्हणजे जास्त चांगली पेटी, जास्त कोरडं कोठार, नाहीतर नशीब. दोष ताणाचा म्हटलं की इलाज कारखान्यातच करता येतो.

इलाज अगदी स्वस्त निघाला. पुंगळी २५० ते ३०० अंश सेल्सियसच्या आसपास थोडा वेळ तापवायची. एवढ्या उष्णतेत कणांची फरसबंदी तशीच राहते, पितळेचा कडकपणाही जवळपास तसाच राहतो, पण अणू जागच्या जागी थोडे सरकून घेतात आणि ताण उतरतो. याहून बरंच जास्त तापवलं तर जुने कण मोडून नवे उगवतात आणि पितळ मऊ पडतं. या दोन तापमानांच्या मधली जागा सापडली, यात सगळं आलं. मानेला तर मऊपणाही चालतो, म्हणून ती ज्योतीवर वेगळी भाजतात. तोच तो निळसर डाग.

हे वाचत असताना मी पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत बरेचदा गेलो. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी. तिथे मठारकाम चालतं : तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकाला एक लागून ठोके देत जायचे. सकाळच्या उन्हात त्या ठोक्यांच्या ओळी चमकतात. घेणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण तांबटाच्या लेखी ती मजबुती असते. पत्रा ठोकून कडक झाला की भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात, तो पुन्हा नरम होतो. (लोखंडाचं उलट असतं, म्हणून लोहाराकडून आलेला माणूस इथे चक्रावतो.) शेवटचं मठारकाम झाल्यावर मात्र भांडं भट्टीत घालत नाहीत. वुलिचच्या पुंगळीचंच हे गणित, प्रयोगशाळेविना जमवलेलं. शिवाय हातोडीचा ठोका पृष्ठभागाला दाबात ठेवतो. दाबलेल्या कातडीत तडा उघडायला वाव मिळत नाही. म्हणजे उरलेला ताण दरवेळी वैरीच असतो असं नाही, तो कुठे आणि कुठल्या दिशेनं उरला यावर सगळं ठरतं. अमेरिकेत मोटारीच्या स्प्रिंगांवर बारीक छऱ्यांचा मारा करून हाच दाब मुद्दाम भरायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकात.

तांबं आणि पितळ जुने धातू. टायटॅनियमला मात्र असं आजोळ नाही. १७९१मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला त्याचा सुगावा लागला. ती वाळू म्हणजे इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडणारी. पण वाळूतून धातू व्यापारी प्रमाणावर निघायला दीडशे वर्षं गेली. लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोल यांनी मॅग्नेशियम वापरून तो काढायची रीत बसवली आणि १९४८मध्ये अमेरिकेत ड्यूपाँटनं तो विकायला सुरुवात केली. पोलादाच्या निम्म्याहून थोडा अधिक जड, गंज जवळपास नाही, शरीरात बसवला तर शरीर त्याला सहसा नाकारत नाही. शीतयुद्धातल्या विमानांना आणखी काय हवं होतं!

आणि इथे पावसाळ्याची गोष्ट पुन्हा घडली, कॅलिफोर्नियात. लॉकहीड कंपनी १९६०च्या दशकात ब्लॅकबर्ड ही टेहळणी विमानं बनवत होती, जवळजवळ सगळी टायटॅनियमची. त्यांचे अभियंते केली जॉन्सन यांनी सांगून ठेवलं आहे की, स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले पंखांचे काही पत्रे चाचणीत लवकर फुटत, काही मात्र टिकून राहत. नोंदी चाळल्यावर कळलं की फुटणारे उन्हाळ्यात बनलेले आणि टिकणारे हिवाळ्यात. म्हणजे पुन्हा मोसम! शेवटी माग लागला तो बरबँक शहराच्या नळाच्या पाण्यापर्यंत. उन्हाळ्यात शेवाळ धरू नये म्हणून त्यात क्लोरीन जास्त घालत. त्या पाण्यानं धुतलेल्या पत्र्यावर क्लोरीनचे अंश राहत, आणि वेल्डिंगनं पत्र्यात ताण ठेवलेला असेच. पितळेला जसा अमोनिया, तसा तापलेल्या टायटॅनियमला क्लोरीन. पत्रे शुद्ध पाण्यानं धुवायला लागल्यावर त्रास थांबला. यावेळी कुणी त्याला 'कॅलिफोर्निया क्रॅकिंग' म्हटलं नाही, हे आपलं जाता जाता.

त्याच दशकात, १९६७मध्ये, एडवर्ड लेझॅक यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. पत्रा कडेनं चौकटीत आवळायचा आणि गोल टोकाच्या एका दांड्यानं तो थोडाथोडा दाबत न्यायचा. एक फेरी, मग मिलिमीटरचा काही अंश खाली, पुन्हा फेरी. डाय नको, मोठा प्रेस नको. तांबट आळीत उभं राहून मी हे कुणाला सांगितलं असतं तर "मग नवीन काय?" असाच प्रश्न आला असता. नवीन होतं ते संगणकाचं नियंत्रण, आणि ते यायला वेळ लागला. १९९०च्या दशकात जपानमध्ये आणि त्यानंतर युरोपात व कॅनडात या 'थोडंथोडं घडवण्या'वर जोमानं काम झालं. हजार नग काढायचे असतील तर ही रीत परवडत नाही, फार हळू चालते. पण नग एकच हवा असेल तर हिच्यासारखी रीत नाही.

एकच नग कुणाला लागतो? ज्याच्या कवटीचा तुकडा अपघातात किंवा शस्त्रक्रियेत गेला आहे त्याला. सीटी स्कॅनवरून त्याच्या डोक्याचा नेमका उंचवटा काढायचा, तो यंत्राला द्यायचा, आणि टायटॅनियमच्या पातळ पत्र्यातून तेवढीच एक वाटी घडवायची. बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या मंडळींनी असे कवटीचे पत्रे घडवून दाखवले आहेत.

आता बाज आठवा. दांडा पत्र्याच्या एकाच जागेवरून कितीतरी वेळा जवळून जातो. प्रत्येक वेळी ती जागा वाकते, ताणली जाते, पुन्हा सरळ होते. पत्र्याची दांड्याकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांना वेगवेगळी वागणूक मिळते, आणि जाडीभर ताण-दाबाचे थर उरतात. त्यात टायटॅनियमचा स्वभाव आडमुठा. त्याची लवचिक ताठरता पोलादाच्या साधारण निम्मी, म्हणून दाब काढला की तो जास्त उसळून परततो. त्याचे अणू षट्कोनी थरांत रचलेले असतात आणि ते थर मोजक्याच दिशांनी घसरतात. बाकीच्या दिशांनी ढकललं तर कणाचा एखादा पट्टा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा वळतो. घडवून झालेला पत्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कण लांबट झालेले आणि अशा पट्ट्यांनी चिरलेले दिसतात. पत्रा आता अधिक कडक, पण अधिक ठिसूळही झालेला असतो. चौकटीचे बोल्ट सोडले की वाटी जराशी उमलते. कड कापली की आणखी थोडी. कवटीत बसणाऱ्या वाटीला एवढं 'थोडं' परवडत नाही.

इलाज पितळेचाच, आकडे वेगळे. शुद्ध टायटॅनियमचा ताण साधारण ५०० ते ६०० अंशांत उतरतो. त्याहून वर गेलं की नवे कण उगवू लागतात आणि कमावलेला कडकपणा जातो. दोन तापमानांच्या मधली जागा इथेही आहे. फरक इतकाच की तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन पिऊन घेतं आणि त्याची कातडी ठिसूळ होते, म्हणून भट्टी निर्वात हवी किंवा आरगॉन वायूनं भरलेली. शिवाय ताण उतरताना वाटी आकारही बदलते, तेव्हा तो बदल आधीच हिशेबात धरून घडवावं लागतं.

आणि ताण उतरला की नाही, हे ओळखायचं कसं? पितळेसाठी कारखान्यांकडे जुनी युक्ती होती. पुंगळी मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ताण असेल तर ती काही मिनिटांत तुमच्या समोर तडकते. पारा विषारी, म्हणून आता अनेक ठिकाणी पितळ अमोनियाच्या वाफेत ठेवतात. काचेच्या बरणीतली पागाच ती. लाख पुंगळ्यांतल्या दहा अशा फोडल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. कवटीची वाटी मात्र एकच असते. तिला फोडून बघता येत नाही. क्ष-किरणांनी अणूंच्या थरांमधलं अंतर मोजता येतं, पण ते टायटॅनियमच्या पृष्ठभागाखाली काही सहस्रांश मिलिमीटरच शिरतात. जाडीतलं त्यांना दिसत नाही.

म्हणून संशोधक त्याच पत्र्यातून, त्याच मार्गानं, एक जुळी वाटी घडवतात. ती कुणाच्याही डोक्यावर बसणार नसते. तिच्यावर ताण मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवायच्या, मधोमध एक बारीक भोक थोडंथोडं खोल पाडत जायचं, आणि प्रत्येक पायरीला भोकाभोवतीचा पत्रा किती सरकला ते लिहून घ्यायचं. सुंभाचा एकेक पदर कापण्याचीच ही रीत. ती १९३४मध्ये ज्यानं मांडली त्या जर्मन अभियंत्याचं आडनाव माथार. मठारकामाशी त्याचा काही संबंध नाही, पण तांबट आळीत हे सांगितल्यावर दोघं-तिघं मनापासून हसले आणि एकानं ते आडनाव पुन्हा उच्चारून बघितलं.